मागच्यासाठी थांबायचं का?

महाराष्ट्रातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक वाद पुन्हा पुन्हा पेटतो. सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या राईडमध्ये मागे पडलेल्यांसाठी थांबायचं की नाही? काहींचं म्हणणं, वेग झेपत नसेल तर यायचंच कशाला. इतर विचारतात, एरवी फक्त मेसेजमधून बोलणारी माणसं पहिल्यांदा भेटणार आणि निम्म्यांना पुढच्यांची पाठही दिसणार नाही, तर ही भेट कसली? इंग्लंडमध्ये बसून हे वाचताना मी मनापासून थांबणाऱ्यांच्या बाजूची आहे. पण इथल्या क्लबांबरोबर सायकल चालवल्यावर वाटतं, याचा निकाल रस्त्यावर लावायचाच नसतो.

इथे बहुतेक क्लब राईड जाहीर करतानाच अंतर, चढ आणि सरासरी वेग सांगतात. कुणाला मागे सोडणार की नाही, हेही. थांबायचं ठरलं असेल तर चढ संपल्यावर सगळे थांबतात आणि एखादा अनुभवी गडी मुद्दाम शेवटी राहतो. नव्या माणसाला आधीच बजावतात: खड्डा हाताने दाखव, अचानक ब्रेक दाबू नकोस, पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं चाक भिडेल इतकं जवळ नेऊ नकोस. हे सांगावंच लागतं. राईड नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा अ‍ॅपवर माणसाचा वेग कळतो, घोळक्यात तो सायकल किती सरळ चालवतो हे कळत नाही.

शिवाय इथे जोडीने चालवता येतं. 2022 मध्ये हायवे कोड, म्हणजे इथली रस्त्याच्या नियमांची पुस्तिका, बदलला तेव्हा दोघांनी शेजारी-शेजारी चालवणं, विशेषतः मोठ्या गटात, अधिक सुरक्षित असू शकतं हे त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. त्यामुळे गप्पा चालत्या सायकलवरच होतात. आपल्याकडे हायवेच्या कडेने एकामागे एक जाताना बोलणार कधी? म्हणून तर तिकडे थांबे जास्तच हवेत.

पण इथलं सगळंच उचलू नये. वेगानुसार गट पडले की जलद आणि संथ माणसं एकाच क्लबात राहूनही एकमेकांना धड ओळखत नाहीत. आपल्याकडचा मिसळलेला घोळका मला फार मोलाचा वाटतो, तो मोडू नका.

ज्यांना स्वतःच्या वेगानेच जायचंय त्यांच्यासाठी बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, आहेच: 200 किलोमीटरला साडेतेरा तास, क्रमांक कुणाचाच नाही, स्वतःचं स्वतः सांभाळायचं. ओळखीपाळखीची राईड मात्र वेगळी जाहीर करा, वेग तिच्यातल्या सर्वात संथ माणसाला झेपेल असाच ठेवा आणि शेवटी राहण्याचं काम ग्रुपमधल्या सर्वात दमदार सायकलस्वाराकडे द्या. पंक्चर काढायला आणि वाऱ्यात कुणाच्या पुढे राहून त्याला आडोसा द्यायला तिथे ताकदीचाच माणूस लागतो.