आईबाप असलेली अनाथ मुलं

नमस्कार दादा,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मनाला लागली, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. तुमचं म्हणणं असं, की नेपाळमधल्या अनाथाश्रमांना डोळे झाकून पैसे देऊ नका असं लिहून मी देणाऱ्यांचा हात आखडता करते. पुण्यात बसून हे लिहिणं सोपं, पण तिथल्या पोरांच्या ताटातला घास त्याने कमी होतो, असंही तुम्ही म्हणता.

मीसुद्धा द्यायचे, दादा. २०१३ साली पशुपतिनाथाचं दर्शन करून आम्ही काठमांडूतल्या एका बालगृहात गेलो होतो. तांदळाची पोती, वह्या, खाऊ घेऊन. मुलांनी ओळीत उभं राहून गाणं म्हटलं. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी माझ्या ओढणीचं टोक धरूनच बसली. तिची वेणी घालताना ती सांगू लागली, आमा, म्हणजे आई, दूर डोंगरातल्या हुम्ला जिल्ह्यात आहे, बाबा भारतात कामाला आहेत. चालकांना विचारलं तर म्हणाले, 'कागदावर दोघंही वारलेत, पोरं काहीही बोलतात.' मी त्यांचं खरं मानलं. त्या पोरीला पुढे एक प्रश्नही विचारला नाही. ते मला आजही खातं.

युनिसेफच्या अंदाजानुसार नेपाळच्या बालगृहांतल्या ८५ टक्क्यांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी हयात असतं. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात माओवादी गावोगावची पोरं लढायला ओढून नेत, त्या धास्तीने आईबाप पोरांना दूर धाडायला बघत. हुम्ला-जुम्लासारख्या कर्णालीच्या डोंगराळ भागात तेव्हा धड शाळा नव्हती, गाडीरस्ता नव्हता. दलाल यायचा, 'पोराला काठमांडूत शिकवतो' म्हणायचा आणि आईबाप जमीन-जनावरं विकून त्याच्या हातावर पैसे ठेवायचे. काठमांडूत आल्यावर कागदोपत्री मूल अनाथ. बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा, चितवन याच पट्ट्यात आहेत. म्हणजे जिथे आपण पर्यटक जातो तिथे. २०१५च्या भूकंपानंतर सरकारला परवानगीशिवाय मुलं जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घालावी लागली, ती उगाच नाही.

तुम्ही लिहिलंय, 'रस्त्यावर राहण्यापेक्षा आश्रम बरा.' पशुपतीच्या पुलाखाली दोरीला लोहचुंबक बांधून बागमती नदीच्या त्या काळ्या पाण्यातून भाविकांची नाणी ओढणारी पोरं मी पाहिलीत. एकाच्या हातात गोंदाची पिशवी होती, मधूनमधून तो नशेसाठी तिच्यात तोंड खुपसायचा. त्यांना तिथे 'खाते' म्हणून हिणवतात. यातली कितीतरी मारझोडीला कंटाळून घरातून पळालेली असतात, काही तर आश्रमातूनच. अशा पोराला आधी हवा असतो डॉक्टर, आंघोळीला पाणी, रात्रीचा सुरक्षित कोपरा आणि रोज भेटणारा तोच एक माणूस. नेपाळमधली 'सिविन' ही संस्था १९८७पासून अशा मुलांसाठी काम करते आहे.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. मी लेखात 'सगळे आश्रम' असेच असतात असं लिहिलं होतं, ते चूक होतं. आता 'बरेच' केलंय. नेपाळमधल्याच पुष्पा बस्नेत यांनी २००५ साली तुरुंगात आईबापांसोबत वाढणाऱ्या मुलांसाठी काम सुरू केलं. त्यांच्याकडे मुलांचं आईबापांशी नातं तोडत नाहीत. खरोखर कुणीच नसलेली मुलंही आहेत, त्यांना चांगलं घर हवंच. म्हणून द्याच, पण आधी विचारा: मुलांचे नातेवाईक शोधले का? सुट्टीत मुलं गावी जातात का? कुणीही पाहुणा थेट आत येऊन मुलांना जवळ घेऊ शकतो का? शेवटच्याचं उत्तर 'हो' असेल, तर मी तिथून निघते.

मी स्वतः काय करते, असंही तुम्ही विचारलंत. आमच्या सोसायटीचे वॉचमन नेपाळमधल्या अछाम जिल्ह्याचे. त्यांच्या दोन मुलींच्या शाळेचा खर्च आम्ही चार घरं मिळून उचलतो, पैसे तेच गावी पाठवतात. मध्यंतरी कुणीतरी त्यांना धाकटीला काठमांडूच्या होस्टेलात घालायचं सुचवलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. ती आजीकडे राहते, यंदा पाचवीत गेली.