कातरलेली पानं

आधी अभ्यासवर्ग करा, मग परिसराच्या नोंदी ठेवा, असं निसर्गनिरीक्षणावरच्या एका लेखात सुचवलंय. मला हा क्रम उलटा वाटतो. माझी सुरुवात गुलाबाच्या पानांवरून झाली. कडेला कात्रीने कापल्यासारखे स्वच्छ अर्धगोल. अळी समजून दोनदा औषध मारलं (आठवलं की अजून लाज वाटते). मग एका सकाळी नुसता बघत बसलो, तर एक मधमाशी पानाचा तुकडा पायांत धरून उडाली! ही एकांडी (पोळ्यात समूहाने न राहणारी) मधमाशी पान खात नाही, अंड्यांसाठीच्या खोल्यांना त्याचं अस्तर लावते.

आयनॅचरलिस्टवर, म्हणजे सजीवांचे फोटो टाकले की इतर लोक ओळख सांगतात त्या संकेतस्थळावर, फोटो टाकला. मेगाकायली वंशातली (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट), एवढं कळलं. ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचं नेमक्या जातीवर एकमत झाल्याशिवाय तिथे नोंद सहसा संशोधनयोग्य धरत नाहीत, आणि ते बरंच आहे. माझी नोंद वंशावरच अडकलीय, कारण पोटाखालचे, ती पराग ज्यावर वाहते ते केस फोटोत आलेच नाहीत. म्हणून नवशिक्यांनी एकाच बाजूचे दहा फोटो काढण्यापेक्षा चार बाजूंनी चार काढावेत.

वर्गही करेन कधीतरी. तूर्तास शेजाऱ्यांना 'फवारणी थांबवा' सांगत फिरतोय. दोघांनी ऐकलंय.