लोड करण्याआधी आमचं टूल थांबतं, ते का: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक तारा दिलात आणि सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमच्या तक्रारी चार. सिव्ह 6 (सिव्हिलायझेशन 6 हा आळीपाळीने चाली करायचा कॉम्प्युटर गेम) चा जुना सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेला डाव, उघडायला सांगितला की एजंट, म्हणजे आमच्या टूलच्या मदतीने तुमच्या वतीने गेम खेळणारा प्रोग्राम, बराच वेळ नुसता थांबून राहतो. मध्येच परवानगी मागतो. सेव्हच्या प्रती करून डिस्क भरतो. आणि हरलेली लढाई पुन्हा खेळायला मागचा सेव्ह लोड केला तरी निकाल तोच येतो, म्हणजे टूल चुकीची फाइल उघडतं. जे काम आपण स्वतः दोन क्लिकमध्ये करतो त्याचे पैसे का मोजायचे, असं तुम्ही विचारलंय. हा प्रश्न इतरांनाही पडणार, म्हणून उत्तर इथेच सगळ्यांसमोर देते.

आधी प्रतींबद्दल बोलते, कारण माझ्या मते या टूलमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. सिव्ह 6 ऑटोसेव्हच्या, म्हणजे गेम आपोआप जपतो त्या डावाच्या, फाइलला टर्नच्या (खेळातल्या फेरीच्या) आकड्यावरून नाव देतं. समजा तुम्ही 143 व्या टर्नवर आहात. एजंटने 138 चा सेव्ह उघडला आणि तिथून चार टर्न खेळला. आता 139 ते 142 या नावांच्या ज्या फाइली फोल्डरमध्ये होत्या, त्यांच्या जागी नव्या फाइली बसल्या. तुमच्या मूळ डावातले ते चार टर्न गेले, आणि गेमने एका शब्दानेही विचारलं नाही. शिवाय ऑटोसेव्ह किती ठेवायचे याची मर्यादा ऑप्शनमध्ये असते. ती ओलांडली की सगळ्यात जुने पुसले जातात.

माणूस मागे जातो तो एखाद्या वेळी, आणि आपण काय करतोय हे त्याला ठाऊक असतं. एजंटचं कामच मुळी मागे जाऊन दुसरी चाल करून बघण्याचं. शहर नदीकाठी वसवलं तर काय, डोंगराच्या कुशीत वसवलं तर काय, हे तो पुन्हा पुन्हा लोड करूनच ताडतो. प्रती न करता त्याला तासभर मोकळा सोडला तर स्वतःचा ऑटोसेव्हचा फोल्डर तुम्हाला ओळखू येणार नाही. म्हणून पहिल्या लोडच्या आधी सगळा फोल्डर बाजूला उतरवला जातो. एक सेव्ह काही एमबीचा असतो. प्रती दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवण्याची आणि जुन्या प्रती आपोआप काढण्याची सोय सेटिंगमध्ये आहे.

परवानगीचंही तसंच. मेन मेन्यूवरून लोड करताना टूल काहीच विचारत नाही, कारण तिथे हरवण्यासारखं काही नसतं. चालू टर्नमध्ये तुम्ही काही केलंय आणि ते सेव्ह झालेलं नाही, तेवढ्याच वेळी ते विचारतं. हा प्रश्न कायमचा बंद करणारं बटण द्या असं तुम्ही सुचवलंय. ते मी देणार नाही. रात्री एजंटला कामाला लावून झोपणारे आमचे ग्राहक आहेत. सकाळी उठून त्यांना आपला डाव जागेवर सापडला पाहिजे.

आता थांबण्याबद्दल. फ्रीसिव्हसारख्या मुक्त (ओपन सोर्स) गेमला सेव्हची फाइल कमांडमध्येच देता येते: सर्व्हरला फाइलचं नाव सांगितलं की काम झालं. ओपनटीटीडी या दुसऱ्या मुक्त गेमचंही तेच. सिव्ह 6 मध्ये असा सरळ रस्ता आम्हाला मिळालेला नाही, म्हणून आमचं टूल तुमच्यासारखंच मेन्यूतून जातं. लोड होताना गेमच्या आतल्या लुआ स्क्रिप्ट (लुआ या भाषेत लिहिलेले छोटे प्रोग्राम) बंद होतात आणि नव्याने उभ्या राहतात. मग नेत्याचं चित्र असलेला पडदा येतो आणि खेळ पुढे सुरू करायचं बटण दाबेपर्यंत तसाच राहतो. मोठा नकाशा, डावाचा उत्तरार्ध आणि वर मॉड (खेळाडूंनी केलेल्या जोडण्या) असले की याला वेळ लागतोच. या अवधीत एजंटने हुकूम सोडला तर तो कुठेच पोचत नाही, पण एजंट मात्र चाल झाली असं धरून पुढचा बेत आखतो. म्हणून टर्नचा आकडा आणि संस्कृतीचं नाव गेमकडून परत वाचून, मागितलेल्या सेव्हशी जुळल्यावरच टूल 'लोड झालं' असं कळवतं. तुम्हाला दिसलेला थांबा हाच.

लढाईचा निकाल तोच येणं हे तर योग्य सेव्ह उघडल्याचं लक्षण आहे. सिव्ह 6 आपला रँडम सीड, म्हणजे नशिबाचे आकडे ज्यावरून निघतात तो मूळ आकडा, सेव्हमध्येच जपून ठेवतं. तोच सेव्ह, तीच तुकडी, तोच हल्ला, तर नुकसानही तेवढंच. आधी दुसरीकडे एखादी चकमक करा, क्रम बदला, मग आकडे बदलतील. एक्सकॉम: एनिमी विदिन (2013) या दुसऱ्या गेममध्ये लोड करताना सीड बदलण्याचा पर्याय गेमनेच दिला होता, सिव्ह 6 मध्ये तो नाही, आणि फाइल उघडून सीडला हात लावणं मला पटत नाही.

एवढं वाचूनही टूल नको वाटत असेल तर बिलाचा नंबर मेल करा, पैसे पूर्ण परत करू. पण माझी मनापासून इच्छा अशी, की एकदा प्रत्यक्ष या. आमचं ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आहे, मुलुंड चेक नाक्यापासून जवळ. शनिवारी दुपारी आम्ही असतो. तुमचाच डाव तुमच्याच लॅपटॉपवर लावून बघू. येताना मॉडची यादी आणा, आणि निघण्यापूर्वी सेव्हचा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.

संचालिका
वागळे इस्टेट, ठाणे