‘सुरकुती राहिली म्हणजे उष्णता कमी पडली’ हे खरं नाही

मॉडेल विमानांच्या कव्हरिंगबद्दल, म्हणजे सांगाड्यावर चढवायच्या, उष्णतेनं आवळणाऱ्या प्लास्टिक फिल्मबद्दल, एक सल्ला सतत फिरत असतो: फिल्म कडेकडेने चिकटवा, मग हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) पूर्ण वाढवा, वळणावर फिल्म आपोआप आवळते, आणि तरीही सुरकुती राहिली तर उष्णता कमी पडली. उघड्या रिबांच्या (सांगाड्यातल्या आडव्या पट्ट्यांच्या) सपाट पंखावर यानं काम निभावतं. विंगटिप (पंखाचं टोक), काउल (इंजिनावरचं आवरण) आणि पंख-फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) सांध्यावर मात्र फिल्म वाया जाते आणि कधीकधी बाल्साही (सांगाड्याचं हलकं लाकूड).

पहिला मुद्दा, ‘आपोआप बसते’. पंखाची पुढची कड नळीसारखी एकाच दिशेला वळते. तिच्यावर साधा कागदसुद्धा चुणी न पडता गुंडाळता येतो. विंगटिप चेंडूसारखी दोन्ही दिशांना वळते. तिथे कडेशी फिल्म जास्त होते आणि चुण्यांत गोळा होते. आकुंचनानं त्यातली थोडीच जिरते. बाकीची हातानं ताणूनच काढावी लागते, तीही कड चिकटवण्याच्या आधी.

त्यासाठी टिपच्या बाहेर ५ ते ७ सेंमी फिल्म पकडायला राखा. टोकाचा मध्य इस्त्रीनं चिकटवा. मग हीट गन फिल्मवर फिरती ठेवून दुसऱ्या हातानं (हातमोजा घालून) फिल्म बाहेर आणि खाली ओढा. तापताना एका क्षणी ती बोटांना एकदम सैल लागते. तेव्हाच ओढली तर चुणी डोळ्यांदेखत पसरून नाहीशी होते. आधी ओढली तर फिल्म ताणत नाही, उशीर झाला तर भोक पडतं. मोकळा झालेला २-३ सेंमी भाग लगेच इस्त्रीनं दाबा आणि पुढचा भाग मध्याच्या दुसऱ्या बाजूला घ्या. झाकणाचे बोल्ट समोरासमोर आवळतात, तसंच हे. एकाच बाजूनं पुढे गेलात तर सगळी जादा फिल्म शेवटच्या कोपऱ्यात साठते आणि तिथे काहीच करता येत नाही.

‘उष्णता जितकी जास्त तितकं गुळगुळीत’ हा सर्वांत नुकसानकारक भाग. नेहमीच्या पॉलिस्टर फिल्मचा गोंद साधारण १०० ते ११० अंश सेल्सिअसला धरतो आणि फिल्म १५० च्या आसपास चांगली आवळते. म्हणजे आवळण्याच्या तापमानाला गोंद केव्हाच मऊ झालेला असतो. कडेवर हीट गन धरली की आवळणारी फिल्म स्वतःचीच कड ओढून सोडवते. म्हणून जवळची शिवण ओल्या फडक्यानं झाकून ठेवा. पॉलिप्रोपिलीनच्या फिल्मला याहून कमी उष्णता चालते आणि थर्माकोल तर १०० अंशांच्या आतच बसायला लागतो. त्यामुळे पाकिटावरचे आकडे पाहा आणि इस्त्रीची चकती त्या आकड्यांवर खरी उतरते का, ते तुकड्यावर तपासा. शिवाय आकुंचनाला मर्यादा आहे. सुरुवातीलाच सगळं वापरून टाकलंत, तर पुढे उन्हानं सैल पडलेली फिल्म आवळायला काही उरत नाही.

‘फुगे आले म्हणजे फिल्म निकृष्ट’ हेही चूक. बाल्साच्या शीटवर कडा आधी बंद केल्या की आतली हवा अडकते, तापली की प्रसरण पावते आणि फिल्म उचलते. उष्णता वाढवली तर फुगा मोठाच होतो. ३२० ते ४०० नंबरचा पॉलिश कागद मारून धूळ पूर्ण पुसा आणि कमी तापमानाची, सुती मोजा घातलेली इस्त्री मधून कडेकडे न्या. राहिलेल्या फुग्याला बारीक टाचणी टोचा, इस्त्री फिरवा आणि थंड होईपर्यंत फडक्यानं दाबून धरा.

खोलगट सांध्यावर क्रम उलटा होत नाही: आधी खोलगटाचा तळ चिकटवायचा, मग वर सरकायचं. कडा आधी धरल्या तर फिल्म पुलासारखी ताणून राहते.

टिप फारच टोकदार असेल तर वेगळा तुकडा लावणं कमीपणाचं नाही. ५ मिमी ओव्हरलॅप ठेवा आणि सांधा खालच्या बाजूला घ्या.

राहिला ‘एका दमात आवळा’ हा सल्ला. उघड्या पंखाची एकच बाजू पूर्ण आवळली तर पंख पिळतो. दोन्ही बाजूंच्या कडा बंद करा, मग वर-खाली आलटूनपालटून थोडं थोडं आवळा. पीळ आलाच तर पंख उलट दिशेला, हव्या त्या स्थितीच्या थोडा पलीकडे पिळून धरा, दोन्ही बाजू तापवा आणि पूर्ण थंड झाल्यावरच सोडा.