डिकीचा तळ आणि मालकाची तळमळ

तर अखेर तुम्ही 1968 ची शेव्हेल, म्हणजे शेव्हरोले कंपनीची जुनी अमेरिकन गाडी, घेतलीत. अभिनंदन! मिशिगनमध्ये इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी दाराच्या बिजागऱ्या डिझाइन केल्यावर आपलीही एक गाडी असावी असं माणसाला वाटतंच, आणि तीही अशी की जिच्यात आपण डिझाइन केलेलं काहीएक नाही. इंजिन सुरू होतंय, क्रोम चमकतोय, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या गल्लीत शेजारीपाजारी हात हलवून जातायत. आता खऱ्या कामाला, म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली होती तशीच पुन्हा करायला लागा. बाहेरचा रंग, सीटं, इंजिन ही सगळी वरवरची कामं झाली, ती कुणीही करतं. जाणकार ओळखायचा तो डिकीच्या तळावरून.

डिकी उघडा आणि मॅट उचला. खाली काळ्यावर हिरवट आकाशी ठिपके दिसतील, नाहीतर करड्यावर पांढरे. अर्थात, गंज पोचला नसेल तिथेच. हाच तो सुप्रसिद्ध स्पॅटर पेंट. झोला नावाच्या गृहस्थांनी 1952 मध्ये अशा बहुरंगी रंगाचं पेटंट घेतलं, आणि युक्ती खरोखर नामी आहे. एकमेकांत न मिसळणाऱ्या रंगांचे थेंब एकाच डब्यात पातळ द्रवात तरंगत ठेवायचे. डब्यात ते शेजारीशेजारी नांदतात, पत्र्यावर आदळले की पसरतात, पण एकमेकांत विरघळत नाहीत. एक डबा, एक स्प्रेगन, एकच हात, आणि दोन-तीन रंगांचे ठिपके एकदम.

अमेरिकन मोटार कारखान्यांनी हे उचललं ते सौंदर्यदृष्टीपायी नव्हे. डिकीचा तळ म्हणजे उघडा पत्रा. त्यावर स्पॉट वेल्डिंगचे खड्डे, सांध्यांच्या फटी बुजवायला फासलेला सीलर, कुणाचं तरी हत्यार पडून उठलेला ओरखडा. लाइन तासाला साठेक गाड्यांच्या वेगाने पुढे सरकणार, म्हणजे एका गाडीच्या वाट्याला जेमतेम मिनिट. ठिपके मारले की नजर चकते आणि खालचं काही दिसत नाही. थोडक्यात, घाईत केलेलं काम झाकायला शोधलेला हा घाईचा रंग. तो आता तुम्हाला अख्खा उन्हाळा घालवून, सुट्ट्या टाकून, अजिबात घाई न करता मारायचाय. आणि मारून झाल्यावर तो एका मिनिटात मारल्यासारखा दिसला पाहिजे. ही अट विसरलात तर सगळं मुसळ केरात.

पहिला प्रश्न रंगाच्या जोडीचा. काळा-आकाशी की करडा-पांढरा? हे मॉडेलवर, सालावर आणि गाडी कुठल्या कारखान्यात जन्मली त्यावर ठरतं, आणि शेव्हेल तर बाल्टिमोर, कॅन्सस सिटी, फ्रीमाँट अशा कितीतरी ठिकाणी जन्मली. (फ्रीमाँट म्हणजे तेच ते कॅलिफोर्नियातलं, जिथे आज निम्मं पुणे राहतं. ज्या कारखान्यातून शेव्हेल निघायच्या त्यात आता टेस्ला बनते. तिची डिकी उघडून कुणी ठिपके मोजत नाही, एवढंच.) सोपा मार्ग असा की आपल्याच गाडीत स्टेपनीखाली, कोपऱ्यात, जिथे मूळ रंग तगलाय तिथे बघावं आणि तसाच रंग आणावा. हा मार्ग टाळा. त्यात वाद घालायला जागा उरत नाही. त्यापेक्षा तीन शहाण्यांना विचारा, चार उत्तरं मिळतील आणि हिवाळा मजेत जाईल. त्या काळच्या काही जीएम (शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स) गाड्यांत कारखान्याचा मूळ बिल्ड शीट, म्हणजे त्या गाडीत काय काय बसवायचं याची यादी, पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर चिकटलेला सापडतो. तो शोधायला टाकी उतरवा. बहुधा उंदरांनी तो तुमच्याआधी वाचून संपवलेला असेल.

मग गंज. मिशिगनमध्ये गाडी घेतलीत म्हणजे गंज पदरात पडलाच, त्याचे वेगळे पैसे नाहीत. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पसरतात. गाडी बनवणारं आणि गाडी खाणारं, दोन्ही एकाच गावात! इतकी सोय जगात दुसरीकडे नसावी. पण डिकीचा तळ बहुतेकदा खालून येणाऱ्या मिठापेक्षा वरून येणाऱ्या पाण्याने कुजतो. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत, क्रोमच्या पट्ट्यांआड पाणी साचतं, तिथला पत्रा सडतो, आणि पाणी गुपचूप डिकीत उतरून मॅटखाली मुक्काम ठोकतं. वर विनाइलचं छप्पर असेल तर विचारूच नका. त्यात झाकणाचं रबर पन्नास वर्षांत लाकडासारखं कडक झालेलं. चाकांमागचे ते दोन खोलगट कोपरे आहेत ना, तिथे एकदा स्क्रूड्रायव्हर टेकवून बघा. टेकवा म्हटलंय, दाबू नका. आरपार गेला तर खालची जमीन दिसेल आणि डिकीत आपोआप उजेड येईल.

आता एखादा व्यवहारी माणूस म्हणेल, आधी गळती बंद करा, बागेच्या नळीने काचेवर पाणी मारा, कुणाला तरी टॉर्च देऊन डिकीत बसवा, थेंब कुठून येतो ते बघा, काच काढून तिथला पत्रा नीट करा, रबर बदला, आणि मग रंगाचं बघू. अशा माणसांपासून चार हात लांब राहा. त्यांची डिकी कोरडी असते, पण तिचे फोटो कुणी काढत नाही. तुम्ही थेट रंगाचा डबा आणा. गंजावर गंज बदलणारं रसायन फासा, ते काळं पडलं की समाधान माना. भोकांवर फायबरग्लास चिकटवा. एवढे ठिपके असताना फायबरग्लास कोणाला दिसणार? पावसाचं पाणी काय, नव्या रंगावरही तेवढ्याच आपुलकीने येऊन बसेल.

पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करायचा असेल तर मात्र उपरोध बाजूला ठेवून सांगतो: डिकीच्या तळाखाली पेट्रोलची टाकी असते. तुमच्या मित्राकडे साठच्या दशकातली मस्टँग असेल तर आणखी बिकट, कारण तिच्यात टाकीचा माथा हाच डिकीच्या तळाचा मधला भाग असतो. म्हणजे तिथे सामान ठेवायचं ते सरळ पेट्रोलवर. टाकी उतरवून लांब नेल्याशिवाय ठिणगी पाडू नका. रिकामी टाकी म्हणून निर्धास्त राहू नका, भरलेल्या टाकीपेक्षा वाफांनी भरलेली रिकामी टाकी जास्त धोक्याची. झालं, आता परत मूळ मुद्द्यावर.

पत्रा साफ झाला, इपॉक्सी प्रायमर बसला, आता सांध्यांवर सीलर. इथे भल्याभल्यांची दांडी उडते. इंजिनीअर माणूस, मास्किंग टेप लावणार, सरळ रेघ ओढणार, बोट ओलं करून कड गुळगुळीत करणार. सत्यानाश! कारखान्यातल्या माणसाने ब्रश सीलरमध्ये बुडवला आणि जाता जाता फासला. कुठे ढीग, कुठे कोरडं, कुठे ब्रशचे फराटे. तुम्हाला नेमकं तेच वेडंवाकडं जमवायचंय. त्यासाठी न बिघडलेल्या मूळ गाड्यांचे फोटो काढा, त्यातला प्रत्येक फराटा कागदावर उतरवा, आणि डाव्या हाताने सराव करा. कशाचं तरी अनुकरण करायचं तर नीट करावं, निष्काळजीपणाचंही.

आता प्रत्यक्ष रंग. डबा आणला की तो जोरजोरात हलवू नका. सगळ्या रंगांना लागू असलेला नियम इथे उलटा आहे. थेंब फुटले की रंग एकमेकांत शिरतात आणि हाती येतो तो फक्त राखाडी. काठीने हळुवार ढवळायचं. गाळायचं नाही, नाहीतर ठिपके गाळणीत आणि पाणी गाडीत. स्प्रेगनचं तोंड मोठं हवं आणि हवेचा दाब कमी. दाब कमी तर ठिपका मोठा, दाब वाढवला की ठिपका बारीक होत होत धुकं. एका डिकीला क्वार्टाचे (साधारण लिटरभराचे) एक-दोन डबे पुरतात, त्यामुळे चार आणा.

आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. पुठ्ठ्यावर अप्रतिम येतो. आकार बरोबर, अंतर बरोबर, घनता अशी की जीएमच्या इन्स्पेक्टरचे डोळे भरून यावेत. तो पुठ्ठा जपून ठेवा, कारण यापुढे असं काही दिसणार नाही. डिकीत अर्धं शरीर वाकवून, एक गुडघा बंपरवर, कोपर स्टेपनीच्या खळग्यात, मास्कमुळे चष्म्यावर वाफ, अशा योगासनात गन कधीही ठरलेल्या अंतरावर राहत नाही. लांबच्या कोपऱ्यात ठिपके विरळ पडतात. तिथे परत एक हात मारायचा मोह होतो. मारा. मग तिथे दाट होतात, म्हणून बाकी सगळीकडे एक हात मारा. मग पहिला कोपरा पुन्हा विरळ वाटू लागतो. हा रंग पाण्यातला, त्यामुळे जाड थर चढला की उभ्या बाजूंवरून ओघळ निघतात आणि ठिपक्यांना शेपट्या फुटतात. ऑक्टोबरात, थंड गॅरेजमध्ये मारलात तर वाळतही नाही, शेपट्या सावकाश लांब होत जाताना बघायला निवांत वेळ मिळतो. अनुभवी लोक पहिला पातळ हात मारून तो चिकट होईपर्यंत थांबतात आणि मग दुसरा मारतात. तेवढा वेळ गॅरेजबाहेर हाताची घडी घालून उभं राहणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य, ते स्प्रेच्या डब्याबरोबर मिळत नाही.

वाळलं? आता क्लिअर कोटवरून भांडण. पाण्यातला रंग तसाच उघडा ठेवला तर पाण्याचे, तेलाचे डाग धरतो, म्हणून वर पारदर्शक थर मारावा असं एक म्हणतो. दुसरा म्हणतो, कारखान्यातून आलेला तळ चकचकीत नव्हता, मग तुमचा का? दोघांचंही खरं आहे. मंद चमकेचा क्लिअर मारून मोकळं होता येतं, पण तसं केलंत तर दोघेही नाराज होतात आणि तुमचं म्हणणं कुणीच खोडत नाही, यासारखं दुःख नाही.

यानंतरची पायरी म्हणजे या सगळ्यावर मॅट अंथरणे. होय. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा अनेकदा या ठिपक्यांवर चौकटीच्या नक्षीचा मॅट होता, त्यावर स्टेपनी, तिच्यावर जॅक. तसंच पाहिजे म्हटल्यावर तसंच. झाकणाच्या आतल्या बाजूला जॅक कसा लावावा याचं स्टिकर, तेही सुरकुती न पडता, आणि स्टेपनीवर त्या काळचाच टायर, जो रस्त्यावर लावायची हिंमत तुम्हालाही होणार नाही. ठिपके उरतात ते कडेला चार बोटं रुंद. पाहुण्यांना दाखवण्यापुरते तेवढे पुष्कळ.

पाहुण्यांवरून आठवलं. सहा महिन्यांसाठी भारतातून आई आल्या असतील तर त्यांना गॅरेजमध्ये नेऊ नका. त्या डिकीत डोकावून म्हणतील, "अरे, ही तर आपल्या दादरच्या घरातली मोझॅइकची फरशी!" आणि त्या जे म्हणतील ते इतकं तंतोतंत असेल की तुम्हाला पुन्हा कधी त्या तळाकडे नीट बघता येणार नाही. त्याहून मोठा धोका गणपतीत. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारेल, मखर न्यायला मोठ्या डिकीची गाडी कोणाकडे आहे? साठच्या दशकातल्या अमेरिकन गाडीची डिकी म्हणजे दादर-माटुंग्याची एक खोली. तुमचं नाव सगळ्यात आधी पुढे येईल. ठाम नकार द्या. डिकी सामान ठेवायला असते हा गैरसमज पसरवण्यात तुमचा हातभार नको. सामानासाठी टोयोटाची व्हॅन आहे, तिच्या डिकीत सांडलेल्या श्रीखंडाचा डाग गेल्या पाडव्यापासून आहे आणि त्याने कुणाचे गुण कापले जात नाहीत.

हो, गुण. जुन्या गाड्यांचा क्लब एएसीए 1935 पासून आहे आणि गाडी मूळसारखी आहे का हे तपासणाऱ्या तिथल्या परीक्षेत जास्तीत जास्त 400 गुण. दहावीत गणितात दोन गुण गेले म्हणून वर्षभर झोप न लागलेल्यांसाठी ही परीक्षा फार पौष्टिक. आयुष्यात परत एकदा कुणीतरी पॅड घेऊन आपल्यासमोर उभं राहतं आणि आपण मान खाली घालून उभे. ज्यांना हे सोसत नाही त्यांनी जुनी कॉर्वेट, म्हणजे शेव्हरोलेचीच स्पोर्ट्स कार, घ्यावी. 1963 पासून 1981 पर्यंतच्या कॉर्वेटला बाहेरून उघडणारी डिकीच नव्हती, त्यामुळे परीक्षेत त्या गाडीचा मालक हरला तरी डिकीच्या बाबतीत निश्चिंत असतो.

पण तुम्ही शेव्हेल घेतली आहे, तेव्हा ऑगस्टचा तिसरा शनिवार मोकळा ठेवा. डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची जत्रा असते, 1995 पासून. खुर्ची मांडा, डिकी उघडी ठेवा, मॅटचा एक कोपरा सहज दुमडल्यासारखा दुमडा. लोक येतील, इंजिनाचे फोटो काढतील, निघून जातील. उन्हं कलल्यावर टोपी घातलेला एखादा म्हातारा येईल. तो इंजिनाकडे ढुंकून बघणार नाही. सरळ डिकीपाशी जाईल, वाकेल, मॅट आणखी थोडा उचलेल. तुमचं काळीज धडधडू लागेल. तो म्हणेल, मी लाइनवर होतो, हाच रंग मारायचो. तुम्ही विचाराल, मग ठिपक्यांची घनता बरोबर आली आहे का? तो म्हणेल, कोण बघतंय? पाळी संपत आली की डब्यात उरलेलं सगळं शेवटच्या दोन-तीन गाड्यांत संपवायचो.

त्याचं मनावर घेऊ नका. त्या बिचाऱ्याला मूळ गाडी म्हणजे काय हे कसं कळणार? त्याने ती फक्त बनवली होती. त्यापेक्षा त्याला लिंबू सरबत पाजा, सावलीत बसवा, आणि गन तो कुठल्या हाताने धरायचा ते लिहून घ्या.