लांब इंजिनाला दोष देऊ नका, क्रॉसिंग मोजा

कोल्हापुरात मॉडेल रेल्वेचे लेआउट बांधणाऱ्यांत एक सल्ला फार फिरतो: "सहा आसांचं लांब इंजिन डायमंड क्रॉसिंगवर घसरणारच. चारचाकी घ्या, नाहीतर वजन वाढवा आणि जोरात काढा." डायमंड क्रॉसिंग म्हणजे दोन रूळमार्ग एकमेकांना छेदतात ती जागा. या सल्ल्यातलं जवळजवळ सगळंच चूक आहे.

लांबीचं आधी. डब्ल्यूएपी-७ हे भारतीय रेल्वेचं विजेवरचं इंजिन एचओत (१:८७ प्रमाणात) सुमारे २३६ मिमी भरतं, पण ते दोन वेगळ्या बोग्यांवर, म्हणजे खालच्या वळू शकणाऱ्या चाकांच्या चौकटींवर, चालतं. क्रॉसिंगला भिडते ती बोगी, अख्खं इंजिन नव्हे. क्रॉसिंगला लागूनच वळण असेल तर मात्र लांबी नडते, म्हणून दोन्हीकडे इंजिनाएवढा रूळ सरळ ठेवा. तीन आसांच्या बोगीला खरा त्रास उंचवट्याचा. मधला आस उचलला की कडेची चाकं रुळाची पकड सोडतात. इथल्या पावसाळ्यात प्लायवूड फुगतं, तेव्हा क्रॉसिंगवर स्टीलची पट्टी रुळाच्या लांबीत कडेवर उभी ठेवून खाली उजेड दिसतो का ते पाहा.

वजनाने घसरणं थांबत नाही, कारण दोष बहुधा चाकांच्या अंतरात असतो. एचओत दोन्ही चाकांच्या पाठींमधलं अंतर सुमारे १४.४ मिमी हवं. कमी असेल तर चाकं गार्ड रुळांना (चाकाला वाटेवर धरणाऱ्या आतल्या रुळांना) आवळून वर चढतात. जास्त असेल तर गार्ड रूळ चाकाला धरू शकत नाही आणि फ्लँज (चाकाची आतली कड) फ्रॉगच्या, म्हणजे रूळ छेदतात तिथल्या तुकड्याच्या, टोकावर आदळते. व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक आस तपासा, मधलाही. वारंवार लागणार असेल तर उद्यमनगरातल्या कारखान्यांतून आसासाठी खाच असलेला १४.४ मिमीचा पितळी ठोकळा करून घ्या. चाक हळूहळू फिरवत आसावर सरकवा, हिसका देऊ नका. अंतर बरोबर असूनही चाक टोकाला लागत असेल, तर गार्ड रुळाची फट जास्त आहे. गार्ड रुळाला चाक घासतं त्या बाजूला ०.२५ मिमीची स्टायरीन (प्लास्टिक) पट्टी चिकटवा.

"जोरात काढा" हा सल्ला सर्वांत घातक. वेगामुळे वीज नसलेला फ्रॉग ओलांडला जातो, दोष तसाच राहतो. चारचाकी इंजिन तर तिथे आधी थांबतं, कारण वीज घेणारी चाकंच कमी. सगळ्या सहाही आसांवरून वीज घेणारं लांब इंजिन इथे उलट सरस ठरतं. मीटरने प्रत्येक चाक तपासून खात्री करा. फ्रॉगपाशी ठिणगी किंवा शॉर्ट होत असेल तर रुंद चाक विरुद्ध ध्रुवाचे दोन रूळ जोडतंय. तिथे रुळाच्या माथ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर पुरतो.

कोन निवडायची मुभा असेल तर १२ अंशांऐवजी ३० अंशांचं क्रॉसिंग घ्या. निमुळत्या कोनात मधली आधार नसलेली फट लांबते, चाक चुकीच्या बाजूला जायला तेवढंच पुरतं. चाचणी मुंगीच्या गतीने, दोन्ही दिशांनी, इंजिनाने डबे ढकलत आणि ओढत घ्या.