खेळतात म्हणून पास, की पास म्हणून खेळतात?

सांगलीत बहिणीच्या घरी सध्या कबड्डीवरून रोज खडाजंगी. भाची यंदा दहावीत. आईची अट अशी की सहामाहीत 85 टक्क्यांच्या खाली गेलीस तर खेळ बंद. भाचीने मला मेसेज टाकला, "मामा, अमेरिकेत खेळणाऱ्या मुलांना मार्कही जास्त पडतात ना? तूच आईला सांग."

खेळणाऱ्यांचे मार्क बरे असतात असं इथे सगळेच म्हणतात, पण मी टेक्सासात राहतो आणि इथे 1984 पासून 'नो पास, नो प्ले' कायदा आहे. एका विषयात 70 च्या खाली आलात की तीन आठवडे सामना नाही. सुरुवातीला तर सहा आठवडे होते. उद्योगपती रॉस पेरो यांच्या समितीने हे रेटलं, गव्हर्नर मार्क व्हाइट यांनी सही केली. फुटबॉलचे कोच असे खवळले, की 1986 ची निवडणूक व्हाइट हरले त्यात या कायद्याचाही हात होता, असं जुनी मंडळी म्हणतात.

म्हणजे नापास होणारे आधीच बाहेर. उरलेल्यांची सरासरी काढून खेळाने मार्क वाढले म्हणायचं, हे गाळलेल्या चहात पत्ती नाही म्हणून चहाचं कौतुक करण्यासारखं आहे. शिवाय संघात टिकायला बुटांचे पैसे लागतात आणि संध्याकाळी सराव सुटल्यावर गाडी घेऊन येणारं कुणीतरी लागतं. अशा घरातल्या पोरांना मार्क तसेही बरेच पडतात.

कायद्याला धार मात्र आहे. शेजारच्या पोराला बीजगणितात 66 पडले. सराव चालू, सामना बंद. शुक्रवारी रात्री सगळं गाव स्टेडियमवर आणि हा घरी. पुढचे तीन आठवडे तो शाळा भरण्याआधी शिकवणीला जाऊन बसला आणि सुटला. पण निव्वळ खेळासाठी शाळेत येणारा पोरगा अशा वेळी शाळाच सोडण्याची भीती असते, ती कोण मोजतो? आणि अवघड, वरच्या पातळीच्या विषयांना शाळा या नियमातून सूट देऊ शकतात. ते विषय कोणाची मुलं घेतात? बहुतेक आपलीच!

पैशाचं तर बोलायलाच नको. टेक्सासातल्याच ॲलन गावाने 2012 मध्ये सुमारे 6 कोटी डॉलर घालून 18,000 जणांचं शालेय स्टेडियम बांधलं, 2014 मध्ये काँक्रीटला तडे गेले म्हणून ते बंद ठेवावं लागलं.

महाराष्ट्रात व्यवहार उलटा. तिथे स्पर्धेत चमकलात तर बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. भाचीच्या संघाची मजल तालुक्यापर्यंत, तिच्या पदरात ते पडायचे नाहीत. म्हणून बहिणीला लिहिलं: खेळून मार्क वाढतील अशी हमी मी देत नाही, पण संध्याकाळच्या तासाभराने ते घटतात हे तूही दाखवून दिलेलं नाहीस. अट घालायचीच तर पास होण्याची घाल, 35 ची. 85 ची टेक्साससुद्धा घालत नाही.